आधी किंमत, मग मंत्र: टेबलटॉप रोलप्लेइंग गेमसाठी जादूची पद्धत कशी रचावी

टेबलटॉप रोलप्लेइंग गेमसाठी, म्हणजे टेबलाभोवती बसून फासे टाकत पात्रांच्या भूमिका खेळायच्या खेळासाठी, जादूची पद्धत रचायला बसलेले बहुतेक जण पहिल्याच पानावर चुकतात: ते मंत्रांची यादी करायला घेतात. आगीचा गोळा, अदृश्य होणं, बर्फाची भिंत, उडणं. चाळीस मंत्र लिहून झाले की लक्षात येतं, हे सगळं करता येतं, पण ते कधी करू नये असं वाटायला लावणारं काहीच लिहिलेलं नाही. मग प्रत्येक प्रसंगात जादूगार आपला सगळ्यात मोठा मंत्र टाकतो आणि तलवारवाला खेळाडू स्वतःची पाळी येईपर्यंत फाशांवर फासे रचून मनोरे करत बसतो.

यादी शेवटी. आधी किंमत ठरवायची: मंत्र टाकताना खेळाडूच्या हातून नेमकं काय जातं, ते गेलेलं बाकीच्यांना दिसतं का, आणि ते परत कसं मिळतं. पुढे गाठींच्या जादूची एक छोटी पद्धत आकड्यांसकट बांधून दाखवली आहे. ती जशीच्या तशी उचला किंवा मोडून तिचे तुकडे वापरा.

जादूला काय जमत नाही

कोरा कागद घ्या आणि पाच-सहा गोष्टी लिहा ज्या तुमच्या जगात जादूने कधीच होणार नाहीत. ही यादी चवीपुरती नसते. तुम्हाला कोणत्या प्रकारच्या गोष्टी खेळायच्या आहेत, ते तिच्यावरून ठरतं. खरं-खोटं ओळखणारा मंत्र असला की खुनाचा तपास दहा मिनिटांत आटपतो. क्षणात दुसऱ्या गावी नेणारा मंत्र असला की प्रवासातल्या सगळ्या अडचणी वाया जातात. मेलेला माणूस सहज उठत असेल तर कोणाच्याही मरणाला वजन राहत नाही. आणि उडणं फार लवकर मिळालं तर तुम्ही कष्टाने काढलेला किल्ल्याचा नकाशा खेळाडू वरून पाहतात, आतून कधीच नाही.

अन्न-पाण्याचे मंत्र सगळ्यात फसवे, कारण ते निरुपद्रवी वाटतात. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या प्रसिद्ध रोलप्लेइंग गेमच्या २०१४ च्या आवृत्तीत पहिल्याच पातळीचा एक मंत्र दहा फळं बनवतो आणि एका फळावर एका माणसाचा दिवस निघतो. वीरकथांच्या खेळात हे चालून जातं. पण तुम्हाला वाळवंट ओलांडतानाची उपासमार खेळायची असेल, तर हा एक मंत्र सगळं कॅम्पेन, म्हणजे अनेक बैठकांत चालणारी सलग गोष्ट, खाऊन टाकतो.

मंत्र पूर्ण काढून टाकायचा नसेल तर त्याला भोक ठेवा. त्याच आवृत्तीत प्रेताशी बोलायचा मंत्र तिसऱ्या पातळीवर मिळतो, पण प्रश्न फक्त पाच, प्रेताला जिवंतपणी जेवढं ठाऊक होतं तेवढंच ते सांगतं, विचारणारा त्याचा वैरी असेल तर खरं बोलायचं बंधन नाही, आणि प्रेताला तोंडच नसेल तर मंत्र चालत नाही. हुशार खुनी या शेवटच्या अटीचं काय करेल ते सांगायला नको. अशा भोकांमुळे मंत्र मिळाल्यावरही गोष्ट पुढे सरकते.

किंमत कोणत्या चलनात

मोजकीच चलनं आहेत आणि प्रत्येकाची खोड वेगळी.

कप्पे म्हणजे स्लॉट, हे सगळ्यात जुनं. १९७४ साली ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ आला तेव्हा मंत्र आधी तयार करून ठेवायचा आणि टाकला की तो डोक्यातून पुसला जायचा, ही रीत होती. लेखक जॅक व्हान्स यांच्या नावावरून तिला व्हान्सियन म्हणतात. २०१४ च्या आवृत्तीत मंत्र पुसला जात नाही, फक्त त्याचा कप्पा खर्च होतो; पाचव्या लेव्हलच्या विझार्डकडे, म्हणजे जादूगाराकडे, मंत्रांच्या पहिल्या पातळीचे ४, दुसरीचे ३ आणि तिसरीचे २ असे ९ कप्पे असतात. हिशेब सोपा: खूण करा, पुढे चला. खोड अशी की पहिल्याच लढाईत कप्पे रिकामे करून ‘आता मुक्काम करूया’ म्हणायचा मोह होतो, कारण मुक्कामाच्या विश्रांतीने कप्पे परत भरतात. मुक्कामाला काही किंमत नसेल तर कप्प्यांनाही किंमत नसते, हे विसरल्यामुळे कप्प्यांच्या बहुतेक घरगुती पद्धती कोसळतात. मुक्काम केला की काहीतरी बिघडलं पाहिजे: शत्रूला कुमक मिळते, ओलीस हलवला जातो, शिधा संपतो.

गुण म्हणजे मॅजिक पॉइंट लवचीक असतात आणि म्हणूनच धोक्याचे. १० गुण आणि १० गुणांचा एक प्रचंड मंत्र असेल तर खेळाडू तोच टाकणार. मोठ्या मंत्रांना दरही वेगळा लागतो आणि मर्यादाही. २०१४ च्या आवृत्तीत गुणांचा जो ऐच्छिक नियम आहे, त्यात पहिल्या पातळीच्या मंत्राला २ गुण लागतात, पाचव्याला ७, नवव्याला १३; पण सहावी ते नववी या प्रत्येक पातळीचा मंत्र दोन मुक्कामांमध्ये एकदाच टाकता येतो, गुण कितीही शिल्लक असोत. हे दुसरं कुंपण नसतं तर पहिलं पुरलं नसतं.

फासा टाकून मंत्र लागतो की नाही ते ठरवायचं असेल, तर आधी टक्के काढा. दोन सहाबाजूंच्या फाशांवर ‘१० किंवा जास्त म्हणजे पूर्ण यश, ७ ते ९ म्हणजे यश पण काहीतरी मोजून, ६ किंवा कमी म्हणजे फसलं’ ही वाटणी लोकप्रिय आहे. काहीही न मिळवता पूर्ण यश १६.७ टक्के वेळा येतं, मधलं ४१.७ आणि फसणंही ४१.७. अधिक २ मिळवलं की पूर्ण यश ४१.७ वर जातं आणि फसणं १६.७ वर उतरतं. म्हणजे या फाशांवर एक-एक गुण सोन्याच्या मोलाचा आहे. अधिक ३ आणि अधिक ४ वाटत सुटू नका. आणि ‘फसलं’ म्हणजे ‘काही झालं नाही’ असं कधीही लिहू नका. अर्धा तास वाट पाहून आलेली पाळी अशी गेली तर खेळाडू पुढच्या वेळी धनुष्य उचलतो.

उतरता फासा हे अलीकडचं चलन. जादूचा साठा म्हणजे एक फासा. प्रत्येक वापरानंतर तो टाकायचा, १ किंवा २ आला की एक पायरी खाली: डी८ (आठ बाजूंचा फासा) चा डी६, त्याचा डी४, मग साठा संपला. सरासरी वापर काढणं सोपं आहे, प्रत्येक पायरीवर बाजूंच्या संख्येच्या निम्मे. डी८ पासून सुरुवात केली तर ४ अधिक ३ अधिक २, एकूण ९. पण हीच सरासरी फसवते. डी८ चा साठा अवघ्या तीन वापरांत संपायची शक्यता २४ मध्ये १ आहे, आणि टेबलावर ती नेमकी लांबलेल्या कॅम्पेनच्या शेवटच्या लढाईत उगवते. ते सोसणारा गट असेल तरच हे चलन घ्या.

राहिलं रक्त. हिट पॉइंट, म्हणजे पात्राच्या जिवाचे गुण, देऊन जादू करणं वातावरणाला छान शोभतं, पण पद्धतीत उपचाराचा मंत्र असेल तर गणित लगेच फाटतं. ४ हिट पॉइंट मोजून टाकलेला मंत्र डी८ हिट पॉइंट परत देत असेल, तर सरासरी ४.५ परत येतात. दर वेळी अर्धा पॉइंट फुकट, कितीही वेळा. यावर एकच वाक्य पुरतं: जादूसाठी मोजलेलं रक्त जादूने भरून येत नाही, फक्त मुक्कामाने येतं. ते पहिल्याच पानावर छापा.

मुख्य चलन एकच ठेवा, फार तर जोडीला एक दुय्यम. गुण आणि साहित्य आणि थकवा आणि वेडेपणा अशी चार खाती एकाच पात्राच्या कागदावर आली की दुसऱ्या सेशनपासून कोणीच ती भरत नाही.

लढवय्याच्या मापाने मोजणी

जादू किती जोरदार असावी याचं उत्तर जादूत सापडत नाही. शेजारी बसलेला लढवय्या काय करतो ते आधी मोजा.

तो ६५ टक्के वेळा लागू होणारा वार करतो आणि डी८ अधिक ३ इतकी इजा करतो असं धरू. सरासरी इजा ७.५, गुणिले ०.६५, म्हणजे एका पाळीला ४.९ च्या आसपास. एका मुक्कामापासून दुसऱ्यापर्यंत तीन लढाया आणि प्रत्येकी चार फेऱ्या धरल्या तर बारा पाळ्या, एकूण ५८.५.

आता जादूगार. मंत्र नसताना तो काठी चालवतो: डी६, त्याच ६५ टक्क्यांनी, पाळीला २.३ च्या आसपास. बारापैकी चार पाळ्यांत मोठे मंत्र टाकले तर उरलेल्या आठ पाळ्यांत काठीने १८ इजा होते. लढवय्याशी बरोबरी करायला चार मंत्रांनी मिळून ४० करायचे आहेत. म्हणजे एका मंत्राला १०, आणि तेही सगळी लक्ष्यं मिळून.

इथे बहुतेकांना धक्का बसतो. एका मंत्राच्या टप्प्यात सरासरी तीन शत्रू सापडतात असं धरलं, तर प्रत्येकाला फक्त १डी६ (एक सहाबाजूंचा फासा; ३डी६ म्हणजे तीन फाशांची बेरीज) येतो. हात मोकळा सोडून ३डी६ लिहिलंत की एका मंत्राची इजा ३१.५, चारांची १२६, काठी धरून १४४: लढवय्याच्या जवळजवळ अडीच पट. ‘जादूगार फार भारी आहे’ या तक्रारीमागे बहुतेकदा हेच निघतं, लक्ष्यांची संख्या गुणायची राहून गेलेली असते.

दुसरा धक्का: हा सगळा हिशेब बारा पाळ्यांवर उभा आहे. तुमच्या गटात दिवसाला एकच लढाई होत असेल तर लढवय्याचे चार पाळ्यांत १९.५ होतात आणि जादूगाराचे चार मंत्र ४० च्या पुढे जातात. मंत्र तेच, नियम तेच, फरक दुप्पट. म्हणून नियमांत आकडा लिहायच्या आधी आपल्या गटाच्या मागच्या चार-पाच सेशन आठवा आणि दोन मुक्कामांमध्ये खरोखर किती फेऱ्या झाल्या ते मोजा.

गाठींची जादू

आता हेच एका पद्धतीत बसवू. मूळ कल्पना एका वाक्यात: जादूगार मंत्र दोरीत बांधून ठेवतो आणि गाठ सोडली की मंत्र सुटतो.

टेबलावर प्रत्येक जादूगार खेळाडूला सुमारे ६० सेंटिमीटर लांबीची, तीन-चार मिलिमीटर जाड खरी दोरी द्या. तिच्यात सहा साध्या गाठी आरामात बसतात. ही सजावट नव्हे. किती जादू उरली आहे ते सगळ्यांना न विचारता दिसतं, आणि गाठ सोडताना खेळाडूच्या हाताला कळतं की काहीतरी खर्च झालं. कागदावरच्या खुणेने ते होत नाही.

दोरीची ताकद ६ पेड. एका गाठीत १, २ किंवा ३ पेड घालता येतात. एक पेड म्हणजे एका लक्ष्याला २डी६ किंवा दोन लक्ष्यांना प्रत्येकी १डी६ इजा; दोन्हींची सरासरी ७. सहा पेडांचे ४२ होतात, वरच्या हिशेबातल्या ४० च्या जवळ. एक गाठ मारायला दोन्ही हात मोकळे आणि खेळातली १० निवांत मिनिटं लागतात. सुटलेल्या गाठीचे पेड मुक्कामानंतरच परत बांधता येतात.

गाठी दोन प्रकारच्या, आणि खेळाडूचा खरा निर्णय इथे आहे.

सुरगाठीत १ किंवा २ पेड मावतात. ती एका हाताने, एकाच कृतीत ओढून सुटते आणि मंत्र हमखास लागतो. पण जादूगाराला एका फटक्यात ८ किंवा जास्त इजा झाली तर त्याने डी६ टाकायचा. १ आला की दोरीच्या टोकाकडची सुरगाठ आपोआप सुटते आणि मंत्र सगळ्यात जवळच्या प्राण्याला लागतो, तो मित्र असला तरी.

निरगाठीत ३ पेड मावतात आणि ती चुकून सुटत नाही. सोडायला मात्र लागोपाठ दोन पाळ्या जातात. या त्रासाचा मोबदला म्हणून तिची इजा ६डी६ ऐवजी ७डी६ धरा. घाई असेल तर गाठ सुरीने कापता येते, मंत्र तत्क्षणी लागतो, पण दोरीची ताकद १ पेडाने कमी होते आणि नवी दोरी वळेपर्यंत कमीच राहते. नवी दोरी वळायला एक पूर्ण दिवस.

गाठी संपल्यावर काय? जादूगाराला रिकाम्या हाताने बसवून ठेवू नका. तो दोरीशिवायही मंत्र टाकू शकतो, फक्त पीळ सोसून. जितक्या पेडांचा मंत्र तितके डी६ टाका. मंत्र हमखास लागतो, पण कोणत्याही दोन फाशांवर सारखा आकडा आला तर गुंता होतो. आणि अशा प्रत्येक वेळेनंतर एक पिळाचा फासा पात्राजवळ राहतो, तो पुढे असे फासे टाकताना दर वेळी त्यांत मिळवायचा. दोरी बदला, जाळा, फेकून द्या, पिळाचे फासे जात नाहीत. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. ते फक्त मुक्कामाने उतरतात.

एका पेडाचे मंत्र असे ओळीने टाकत गेलं तर गुंत्याची शक्यता पहिल्यांदा शून्य, मग १६.७ टक्के, ४४.४, ७२.२ आणि पाचव्यांदा ९०.७. हा चढ मुद्दाम ठेवलेला आहे. दुसऱ्या वेळी खेळाडू म्हणतो ‘होऊन जाऊ दे’, तिसऱ्या वेळी तो टेबलाभोवती बघतो, चौथ्या वेळी बाकीचे त्याचा हात धरतात. चढ सौम्य हवा असेल तर डी६ ऐवजी डी१० घ्या: दोन फाशांना १० टक्के, तीनांना २८, चारांना जवळपास ५०. ‘वॉरहॅमर फँटसी रोलप्ले’च्या २००५ च्या आवृत्तीत मंत्राच्या डी१० फाशांवर जोडी येणं असंच अंगाशी येतं.

पहिला एक पेडाचा दोरीशिवायचा मंत्र बिनधोक आहे, हे चाणाक्ष खेळाडू पाच मिनिटांत ओळखेल. ते हिशेबात धरलेलं आहे. दोन-दोन पेडांच्या तीन सुरगाठींचे ४२, हा फुकटचा ७ आणि उरलेल्या आठ पाळ्यांच्या काठीचे १८ मिळून ६७ होतात, लढवय्यापेक्षा सुमारे १५ टक्के जास्त. म्हणून या पद्धतीत जादूगाराचे हिट पॉइंट लढवय्याच्या दोन तृतीयांश ठेवा.

गुंत्याचा तक्ता

जोडी ज्या आकड्याची आली ती ओळ वाचायची.

१: दोरीत गाठ उरली असेल तर जीएम (गेम मास्टर, खेळ चालवणारा) निवडेल ती सुटते आणि सगळ्यात जवळच्या प्राण्याला लागते.
२: बोटं आखडतात. पुढचा तासभर गाठ मारता येत नाही, सोडता येते.
३: मंत्र तुमच्या एका साथीदारालाही अर्ध्या जोराने लागतो. कोणाला, ते तुम्ही निवडा.
४: तुम्ही आणि लक्ष्य एकमेकांना बांधले जाता. सूर्यास्तापर्यंत ३० फुटांपेक्षा लांब जाता येत नाही.
५: मैलभराच्या टप्प्यातल्या प्रत्येक जादूगाराला तुमची दिशा कळते.
६: दोरी जळते. गाठी गेल्या, पीळ आहे तसा.

या सहा ओळींत मरण नाही, बेशुद्धी नाही, ‘पाळी गेली’ही नाही. प्रत्येक ओळ प्रसंग बदलते. चौथी तर खेळाडूंची लाडकी होते, कारण शत्रूशी ३० फुटांत अडकल्यावर त्याच्याशी बोलावं लागतं. तिसऱ्या ओळीत साथीदार कोण ते खेळाडूने निवडायचं आहे, आणि ती निवड टेबलावर पुढचे दोन सेशन निघत राहते.

‘दोन-तीन टक्क्यांनाच तर येतं’ म्हणून तक्त्यात मरण घालणाऱ्यांसाठी आकडा: ३६ मध्ये १ इतकी शक्यता असलेली गोष्ट दहा मंत्रांत एकदा तरी घडायची शक्यता २४.६ टक्के आहे, पन्नास मंत्रांत ७५ टक्क्यांच्या वर. पाच सेशनमध्ये सहज पन्नास मंत्र होतात.

आणखी एक चूक या प्रकारच्या तक्त्यांत हमखास दिसते. लिहिणारा समजतो की ६ ची ओळ सगळ्यात दुर्मीळ आहे, म्हणून सगळ्यात भयंकर गोष्ट तिथे ठेवतो. जोड्यांमध्ये १-१ आणि ६-६ यांची शक्यता अगदी सारखी असते. खरोखर दुर्मीळ काही हवं असेल तर ते तिळ्यावर ठेवा: तीन डी६ वर तिन्ही सारखे येणं ३६ मध्ये १, चार फाशांवर तीन सारखे येणं सुमारे १० टक्के.

मंत्र लिहिताना

आता यादी. सुरुवातीला बारा मंत्र पुरतात, आणि त्यातले निम्मे तरी इजा न करणारे हवेत: दार बांधणं, आवाज बांधणं, माग सोडवणं. नव्या खेळाडूला चाळीस मंत्रांचं पुस्तक दिलं तर त्याची प्रत्येक पाळी वाचनात जाते.

प्रत्येक मंत्रात किती पेड, किती अंतरावर, कोणावर, नेमकं काय होतं, किती वेळ आणि कशाने मोडतं, एवढं आलं पाहिजे. शेवटची गोष्ट सगळ्यात जास्त विसरली जाते. ‘शत्रू घाबरतो’ हा मंत्र नव्हे, भांडणाचं आमंत्रण आहे. घाबरलेला शत्रू पळतो, गोठतो की चवताळून वार करतो यावर प्रत्येकाचं मत वेगळं असणार. त्याऐवजी असं लिहा: ‘१ पेड. ६० फुटांच्या आतला, तुम्हाला दिसणारा एक जिवंत प्राणी पुढच्या २ फेऱ्या स्वतःहून तुमच्या दिशेने पाऊल टाकू शकत नाही. त्याला इजा झाली की परिणाम संपतो.’ इथे वाद घालायला जागा उरत नाही, आणि साथीदारांपुढे प्रश्न उभा राहतो: आता त्याला मारायचं की नाही?

टिकून राहणारे परिणाम एकमेकांवर रचले जाऊ देऊ नका. अदृश्य, उडता आणि दुप्पट वेगवान असा एकच माणूस जीएमचा सगळा बेत उधळतो. २०१४ च्या आवृत्तीने यासाठी एकाग्रतेचा नियम केला: असा एका वेळी एकच मंत्र धरून ठेवता येतो, आणि इजा झाली की १० किंवा इजेच्या निम्मे, जे जास्त असेल त्याविरुद्ध फासा टाकून तो टिकवावा लागतो. गाठींच्या पद्धतीत हेच आणखी सोपं होतं. परिणाम चालू असेपर्यंत सुटलेल्या गाठीची जागा जादूगाराने चिमटीत धरून ठेवायची. एक हात अडकला, आणि टेबलावर खेळाडूची चिमूटही दिसते.

काही गटांना यादीच नको असते, हवा तो मंत्र जागच्या जागी बनवायचा असतो. याचा नामांकित नमुना १९८७ चा ‘आर्स मॅजिका’: पाच क्रिया आणि दहा विषय, त्यांच्या जोड्या पन्नास. सुंदर कल्पना, पण प्रत्येक मंत्राला जीएमशी घासाघीस व्हायला लागते. तुम्ही करणार असाल तर चार क्रिया (बांध, सोड, वळव, ओळख) आणि पाच विषय (देह, मन, दगड, वारा, आग) एवढ्यावर थांबा, वीस जोड्या खूप झाल्या. प्रत्येक क्रियेसाठी १, २ आणि ३ पेडांचं एक-एक उदाहरण आधी लिहून ठेवा. मिनिटभरात एकमत झालं नाही तर जीएमने शंकेचा फायदा खेळाडूला द्यायचा आणि एक पेड जास्त लावायचा.

जगाचा हिशेब

दहा हजारांच्या शहरात हजारात एक जादूगार असेल तर दहा जादूगार झाले. प्रत्येकाचे रोज ६ पेड, म्हणजे शहराकडे रोज ६० पेड. एका पेडात ताप उतरत असेल तर त्या शहरात वैद्य जगणार कसा? आणि तुमच्या कथेतली साथीच्या रोगाची भीती कुठून येणार? एकतर संख्या कमी करा, नाहीतर त्या मंत्राला वेगळी अट लावा: ताप उतरत नाही, तो दुसऱ्याच्या अंगात वळवला जातो. प्रत्येक बिनलढाईच्या मंत्राला हा गुणाकार एकदा लावून पाहा, तासाभराचं काम आहे. लढाईचे मंत्र यातून सोडून दिले तरी चालतं.

टेबलावर चाचणी

पहिली चाचणी एकट्याने करा. एक जादूगार, एक लढवय्या, तीन लढाया; फासे खरे टाका आणि इजा लिहून काढा. अशा तीन फेऱ्या केल्या की वरच्या हिशेबातली ढोबळ चूक सापडते.

मग नियमांचा कागद गटातल्या सगळ्यात धूर्त खेळाडूच्या हातात द्या आणि त्याला पंधरा मिनिटांत पद्धत मोडायला सांगा. त्याने तीन गोष्टी शोधायच्या: फुकटात फिरणारं चक्र, नेहमीच सर्वोत्तम ठरणारा एक मंत्र, आणि मुक्कामाला फसवायची युक्ती. गाठींच्या पद्धतीत तो विचारेल, ‘दोन दोऱ्या बाळगल्या तर?’ उत्तर नियमात हवं: दोऱ्या कितीही असोत, एका माणसाने सगळ्यांत मिळून बांधलेले पेड सहाच. मग तो विचारेल, ‘मी बांधलेली गाठ लढवय्याला सोडायला दिली तर?’ हे मात्र बंद करू नका. बांधणाऱ्याचे पेड तेवढे अडकलेले राहतात, आणि जादू न येणाऱ्या खेळाडूच्या हातात एक मंत्र येतो. पद्धत मोडायला सांगितलेला माणूस कधी कधी तिच्यातली सगळ्यात चांगली गोष्ट शोधून देतो.

त्यानंतर दोन पूर्ण सेशन खेळा. एक मंत्र सांगण्यापासून त्याचा परिणाम लागेपर्यंत किती वेळ जातो ते घड्याळात बघा. दीड मिनिटाच्या वर जात असेल तर नियम छाटायला हवेत. कोणता मंत्र एकदाही बांधला गेला नाही आणि कोणता दर वेळी, ते टिपा. नेहमी बांधला जाणारा मंत्र दुबळा करायची घाई नको, आधी न बांधले जाणारे वाचून बघा; बरेचदा ते नुसतेच कंटाळवाणे असतात. जादूगाराची पाळी चालू असताना बाकीचे मोबाइल बघतात का, हेही टिपा.

जीएमचीही एक सवय चाचणीत उघडी पडते. गाठींना हात लागतात म्हटल्यावर प्रत्येक कैदेत, प्रत्येक दरबारात जादूगाराचे हात बांधायचा मोह होतो. पाच सेशनमध्ये एकदा, त्याहून जास्त नाही. आणि तेव्हाही दोरीशिवायची, पिळाची वाट उघडी ठेवा.

सेशन झाल्यावर एका वेळी एकच आकडा बदला. पेड ६ चे ५ केले आणि गुंताही डी१० वर नेला, तर काय बरं झालं ते कशामुळे झालं हे कळणार नाही. बदल चालू कॅम्पेनमध्ये करावा लागला तर पुढच्या सेशनच्या सुरुवातीला सांगा, आणि प्रत्येक जादूगाराला आपली दोरी पूर्ण सोडून नव्याने बांधायची एक संधी द्या, पेड न मोजता.